श्वास बाहेर पडू दे

रावेत

प्रिय मनू,

परवा फोनवर तू विचारलेल्या प्रश्नाला मी घाईघाईत उत्तर दिलं. तुला ड्युटीवर जायचं होतं, मलाही ओटीत केस लावलेली होती. पण तो प्रश्न दोन मिनिटांत उरकण्यासारखा नव्हता. शिवाय तुझ्यासारख्या कितीतरी मुली यंदा चिंचवड, थेरगाव, वाकड, चाकणच्या आयसीयूंत रुजू झाल्या असतील आणि त्यांनाही तो आज ना उद्या पडणारच. म्हणून हे पत्र तुझ्या नावानं, पण सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

तू सांगितलंस ते असं. साठी ओलांडलेले गृहस्थ, उमेदीची सगळी वर्षं फाउंड्रीत गेलेली, वर्षानुवर्षांचा खोकला आणि धाप. बायपॅपच्या मास्कवर भागेना, म्हणून ट्यूब टाकली. ट्यूब जागेवर होती, सॅच्युरेशन छान होतं, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि थोड्याच वेळात बीपी पडलं. सलाईन जोरात सोडलं, नॉरअॅड्रिनलीन भरायला घेतलं. तेवढ्यात सीनियर डॉक्टर आले. त्यांनी व्हेंटिलेटरची नळी ट्यूबपासून सोडवली आणि छातीवर हात ठेवून ते नुसते उभे राहिले. ट्यूबमधून हवा बाहेर येत राहिली, बराच वेळ येत राहिली. मग बीपी वर आलं. तुझा प्रश्न होता, "आत्या, मशीन काढल्यावर माणूस सुधारला कसा?"

त्यांच्या छातीत हवा कोंडली होती, मनू. आत घातलेला श्वास पुरता बाहेर येण्याआधीच मशीन पुढचा श्वास घालत होतं. आकुर्डी स्टेशनात लोणावळा लोकल थांबते तेव्हा उतरणाऱ्यांना वाट न देता फलाटावरची माणसं चढू लागली की डब्यात जे होतं, तेच. प्रत्येक श्वासागणिक थोडी हवा मागे उरते, पुढच्या श्वासात तिच्यावर आणखी भर पडते. डॉक्टर याला एअर ट्रॅपिंग म्हणतात. श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसात जो दाब शिल्लक राहतो तो ऑटो-पीप. या दाबानं छातीतल्या मोठ्या शिरा चेपल्या जातात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि बीपी कोसळतं. नळी सोडवली, कोंडलेली हवा निघून गेली, शिरा मोकळ्या झाल्या, हृदयाला रक्त मिळालं. तू पाहिलंस ते एवढंच.

पण हे कळणं आणि ते वेळेवर दिसणं यांत अंतर आहे. ते का पडतं, यावर जरा थांबते.

व्हेंटिलेटर श्वास आत घालतो. श्वास बाहेर काढण्याचं काम मात्र तो करत नाही. आत घालून झालं की तो बाहेरची झडप उघडतो आणि वाट बघतो. बाहेर काढायचं काम फुप्फुसांचं, त्यांच्या स्वतःच्या लवचिकपणाचं. जुन्या सीओपीडीच्या, म्हणजे तुझ्या त्या गृहस्थांसारख्या वर्षानुवर्षांच्या धापेच्या, रुग्णात नेमका तोच लवचिकपणा गेलेला असतो आणि श्वासनलिकाही अरुंद झालेल्या असतात. म्हणजे ढकलणारा जोर कमी आणि वाट चिंचोळी. त्यात भर म्हणजे श्वास सोडताना त्या बारीक नलिका स्वतःच मिटतात, त्यामुळे जोर लावून उपयोग नसतो. दम्याच्या तीव्र झटक्यात लवचिकपणा शाबूत असतो, पण नलिका सुजलेल्या, आवळलेल्या आणि चिकट कफानं भरलेल्या असतात. दोन्हीकडे गरज एकाच गोष्टीची असते. वेळ हवा असतो.

किती वेळ? त्याचा हिशेब करता येतो आणि तू तो एकदा कागदावर करून बघ. श्वासमार्गाचा अडथळा आणि फुप्फुसाची ताणली जाण्याची क्षमता यांचा गुणाकार केला की टाइम कॉन्स्टंट मिळतो. एवढ्या वेळात सुमारे ६३ टक्के हवा बाहेर पडते, त्याच्या तिप्पट वेळात ९५ टक्के. ट्यूब घातलेल्या, पण फुप्फुसं धड असलेल्या माणसात हा आकडा ढोबळमानानं अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे दीड-दोन सेकंदांत छाती रिकामी. सीओपीडीत तो दीड सेकंद सहज होतो, म्हणजे रिकामं व्हायला साडेचार सेकंद लागणार. आता व्हेंटिलेटरवर मिनिटाला २० श्वास लावलेत असं धर. प्रत्येक श्वासाच्या वाट्याला ३ सेकंद आले, त्यांतला १ आत घेण्यात गेला, बाहेर सोडायला उरले २. लागणार होते साडेचार. गती १२ वर आण. श्वासाला ५ सेकंद मिळाले, बाहेर सोडायला ४. दहावर आणलीस तर ५.

हेच गणित दुसऱ्या बाजूनं बघ. गती २० च ठेवून, हवा जोरात आत घालून आत घ्यायची वेळ एका सेकंदावरून ०.७ वर आणली, तर हाती लागतात फक्त ०.३ सेकंद. गती २० वरून १२ केली तर २ सेकंद मिळतात. आयसीयूत आय-ई रेशोवर, म्हणजे श्वास आत घेण्याच्या आणि सोडण्याच्या वेळांच्या प्रमाणावर, तासन् तास चर्चा झडते, ती व्यर्थ नाही. पण या रुग्णांत गती कमी करणं हा सगळ्यांत मोठा उपाय आहे, असं माझं ठाम मत आहे. मेलबर्नच्या डेव्हिड टक्सन यांनी १९८७ साली अडथळ्याच्या रुग्णांची छाती किती फुगते ते मोजून हेच दाखवलं. मिनिटाला एकूण किती हवा आत घातली जाते, त्यावर सगळं अवलंबून असतं.

आयसीयूतल्या डॉक्टर-नर्सना हे अवघड जातं, त्याला एक कारण आहे. त्यांतले बरेच जण व्हेंटिलेटर शिकले ते कोविडमध्ये. २०२० साली नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभं राहिलं, पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात खाटा कमी पडू लागल्या, आणि ज्यांनी कधी व्हेंटिलेटरला हात लावला नव्हता ती मुलं-मुली आठवड्याभरात तो चालवू लागली. त्यांच्या धैर्याला माझा नमस्कार आहे. पण कोविडची फुप्फुसं कडक झालेली असत. कडक फुप्फुस भरायला अवघड आणि रिकामं व्हायला मात्र झटपट. त्यांना लहान श्वास आणि जास्त गती चालते. २००० सालच्या अमेरिकेतल्या एआरडीएसनेटच्या, अशाच कडक फुप्फुसांच्या रुग्णांवरच्या, अभ्यासात किलोमागे ६ मिलिलिटरचे लहान श्वास आणि गरज पडेल तशी ३५ पर्यंत गती ठेवली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. ते आकडे आपल्या हातात बसले. मग फाउंड्रीतले आजोबा आले की बोटं आपोआप २४-२६ ची गती लावतात. एका रुग्णाला तारणारी सेटिंग शेजारच्या खाटेवर घातक ठरते. म्हणून रुग्ण हातात घेताना पहिला प्रश्न हा विचार: हे फुप्फुस भरायला अवघड आहे की रिकामं व्हायला?

आता दिसण्याबद्दल. कोंडलेला दाब व्हेंटिलेटरच्या नेहमीच्या आकड्यांत दिसत नाही. श्वास सोडताना मशीनची झडप उघडी असते, म्हणून मशीनला फक्त बाहेरचा दाब कळतो. १९८२ साली पॉल पेपे आणि जॉन मारिनी या दोघांनी श्वासाच्या अगदी शेवटी बाहेरची वाट क्षणभर बंद केली आणि लपलेला दाब मीटरवर आला. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातही तो 'लपलेला' असाच आहे. आज तेच तुझ्या मशीनवर 'एक्स्पिरेटरी होल्ड' नावाचं बटण म्हणून आहे. पण ते दाबण्याआधी पडद्यावरचा प्रवाहाचा आलेख बघ. श्वास बाहेर जाताना रेघ खाली उतरते आणि हळूहळू शून्यावर परत यायला हवी. ती शून्यावर पोहोचायच्या आतच पुढचा श्वास सुरू होत असेल, तर हवा कोंडते आहे. याला ना बटण लागतं, ना परवानगी. छातीला स्टेथोस्कोप लाव. शिट्टीसारखा आवाज पुढचा श्वास सुरू होईपर्यंत संपतच नसेल, तर अर्थ तोच.

होल्डच्या आकड्यावरही आंधळा विश्वास ठेवू नकोस. रुग्ण स्वतः जोर करत असेल तर तो चुकतो. आणि तीव्र दम्यात काही नलिका पूर्ण बंद पडलेल्या असतात. त्यांच्यामागची हवा मीटरपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. अशा वेळी श्वास आत घातल्यावर क्षणभर थांबवून मिळणारा प्लॅटो दाब बघावा. तो पाण्याच्या ३० सेंटिमीटरच्या वर जाऊ नये. पीक प्रेशर जास्त दिसलं म्हणून अलार्म वाजतो आणि आपण घाबरतो, पण या रुग्णांत पीक चढतं ते मुख्यतः अरुंद वाटेमुळे. पीक चाळीस-पन्नास आणि प्लॅटो वीस-बावीस असेल तर छातीतल्या दाबाची एवढी काळजी नको. मात्र ट्यूब मुडपली आहे का, कफानं भरली आहे का, रुग्ण ती चावतो आहे का, हे बघ. आणि एक जागा सगळे विसरतात. आपण नेब देतो, औषधाचं धुकं बाहेरच्या वाटेवरच्या फिल्टरमध्ये जमतं, फिल्टर ओला होऊन जड होतो आणि श्वास सोडायची वाट आपणच अडवतो. फिल्टर बदलला की आलेख सुधारलेला मी पाहिला आहे.

आणखी एक खूण आहे, ती पकडायला नर्सइतकं जवळ कुणीच नसतं. रुग्ण शुद्धीवर येतो आहे, पोट आत-बाहेर होतंय, मानेचे स्नायू ताणतायत, आणि मशीन गप्प. समज, मिनिटात त्यानं २६ वेळा प्रयत्न केला, मशीननं १४ श्वास दिले. कारण मशीनला हाक ऐकू जायला समज २ सेंटिमीटरची ओढ लागते. पण छातीत आधीच १० सेंटिमीटरचा दाब कोंडलेला असेल तर त्या माणसाला आधी ते १० ओढावे लागतात आणि मग वरचे २. दमलेल्या माणसाला ते कुठून जमणार? आपण म्हणतो "पेशंट मशीनशी भांडतोय" आणि झोपेचं औषध वाढवतो. भांडत नसतो गं तो. तो दार ठोठावत असतो. अशा रुग्णात डॉक्टर बाहेरून थोडा पीप, म्हणजे श्वासाच्या शेवटी मशीननं राखलेला दाब, लावतात, कोंडलेल्या दाबाच्या साधारण पाऊणपट, म्हणजे हाक द्यायला कमी जोर लागतो. कोंडलेली हवा त्यानं कमी होत नाही, फक्त दार हलकं होतं. हा उपाय मोजून-मापून, डॉक्टरांनी करायचा आहे.

उपायांतला सगळ्यांत कठीण भाग धीराचा. गती कमी केली की कार्बन डायऑक्साइड चढतो. रक्तातल्या वायूंचा, एबीजीचा कागद हातात येतो, त्यावरचा ७०-८० चा आकडा बघून कुणीही म्हणेल, गती वाढवा. इथं थांबायचं असतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डारिओली आणि पेरे यांनी १९८४ साली दम्याच्या २६ रुग्णांचे ३४ झटके असे सांभाळले की कार्बन डायऑक्साइड चढू दिला, पण छाती फुगू दिली नाही. एकही रुग्ण दगावला नाही. त्या काळी व्हेंटिलेटरवर गेलेल्या दमेकऱ्यांचे मृत्यू बरेच होत, म्हणून या निकालाचं मोल मोठं होतं. आज आपण पीएच ७.२ च्या आसपास असेपर्यंत सहसा धीर धरतो. मेंदूला सूज असलेल्या रुग्णात हे चालत नाही, ते मात्र पक्कं लक्षात ठेव. दरम्यान साल्ब्युटामॉल आणि स्टेरॉइड आपलं काम करत असतात. ताप उतरवणं, वेदना शमवणं, पुरेशी झोप देणं हेही याच उपचाराचे भाग आहेत, कारण त्यांनी शरीराची हवेची मागणी कमी होते.

हातानं दाबायच्या अँबू बॅगबद्दल वेगळं लिहिते, कारण माझ्या मते सगळ्यांत जास्त हवा तिथे कोंडते. ट्यूब नुकतीच टाकलेली असते, खोलीत आरडाओरडा असतो, आणि बॅग दाबणारा हात भीतीच्या वेगानं चालतो, मिनिटाला तीस-चाळीस वेळा. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा ब्योर्न इब्सेन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना रुग्णांच्या उशाशी बसवलं. पाळ्या लावून शेकडो मुलांनी दिवसरात्र हातानं बॅग दाबली. आजची अतिदक्षता त्या वॉर्डातून निघाली. म्हणजे तिथे हात हेच व्हेंटिलेटर होतं, आणि आजही ट्यूब टाकल्यानंतरची पहिली काही मिनिटं तेच असतं. दमेकरी असेल तर बॅग दाब, सोड, छाती खाली बसताना डोळ्यांनी बघ, आणि मगच पुढचा श्वास दे. मिनिटाला आठ-दहा पुरतात.

मार्च २०२० मध्ये महिंद्रानं हीच बॅग यंत्रानं दाबायचा नमुना तयार केला होता, साडेसात हजार रुपयांच्या आत बसेल असा. तेव्हा आमच्या सोसायटीतले चाकणला जाणारे इंजिनिअर मला विचारत, "मॅडम, बॅग दाबायचीच तर आहे, त्यात अवघड काय?" दाबणं खरंच अवघड नाही. बाहेर पडणारी हवा मोजणं, तिला वेळ देणं, तिची वाट मोकळी ठेवणं, हे अवघड आहे. त्यांना ते चटकन पटलं, कारण प्रवाह आणि झडपा हा त्यांचा रोजचा विषय.

बीपी पडलंच तर? आधी हाक मार. सीनियरना बोलाव आणि सांग, "हवा कोंडली असावी, सर्किट सोडवून बघू का?" अर्धा-एक मिनिट पुरतं. बीपी सुधारलं तर उत्तर मिळालं, मशीन परत लावताना गती कमी. नाही सुधारलं तर फुप्फुस फुटून छातीत हवा शिरली आहे का, म्हणजे न्यूमोथोरॅक्स झाला आहे का, ते लगेच बघायला हवं. कडक फुप्फुसाच्या, ऑक्सिजन जेमतेम टिकलेल्या रुग्णाला मात्र असं सोडवू नये. तिथे पीप गेला की फुप्फुस मिटतं. सेटिंग बदलणं डॉक्टरांचं काम आहे, पण बारा तास त्या खाटेपाशी तू असतेस.

नातेवाईकांशी बोलावं लागेल तेही तुलाच. ते काचेतून मशीनवरचा १० चा आकडा बघतात, शेजारच्या खाटेवर २६ दिसतो, आणि त्यांना वाटतं आपल्या माणसाला कमी देतायत. "सिस्टर, मशीन जरा वाढवा ना." रागावू नकोस. त्यांना बाहेर बसवून सांग: काका, श्वास आत जातोय, बाहेर यायला वेळ लागतोय, म्हणून मुद्दाम हळू ठेवलंय. एवढं साध्या शब्दांत सांगितलं की माणसं शांत होतात. न सांगता गेलो तर तीच माणसं रात्रभर संशयात बसतात.

असे रुग्ण आपल्याकडे कमी होणार नाहीत. २०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. १९९० साली २.८ कोटी. सगळे विडीवालेही नव्हेत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं: चुलीचा धूर, कामाच्या जागची धूळ, जुना क्षय. तुझ्या आजीनं जन्मात विडी ओढली नाही. मावळातल्या त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात ओली लाकडं फुंकत तिनं चाळीस माणसांच्या पंक्ती वाढल्या, आणि उतारवयात देवघरापर्यंत चालतानाही तिला मध्ये बसावं लागे. आम्ही त्याला म्हातारपण समजत होतो. आज माझ्या खिडकीतून पवनेपलीकडे इमारतींचे सांगाडे दिसतात, तयार काँक्रीटच्या (आरएमसी) गाड्या दिवसभर धुरळा उडवतात, आणि त्या धुरळ्यात मराठवाड्यातून, बिहारमधून आलेली पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करतात. भोसरीच्या शेडमध्ये वाळूचे साचे फोडणारेही तसेच. वीस वर्षांनी ती कुणाच्या तरी आयसीयूत येतील. इन्हेलर वेळेवर आणि नीट पद्धतीनं घेतला, चूल सुटली, धुळीत योग्य मास्क मिळाला, तर त्यातली बरीचशी ट्यूबपर्यंत येणारच नाहीत. त्याचा पाठपुरावा करणं आम्हा जुन्या मंडळींचं काम आहे, आणि मी ते करते आहे.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. हँडओव्हरच्या कागदावर गती, पीप, ऑक्सिजन हे सगळं लिहिलेलं असतं. त्याखाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढव: "श्वास पुरता बाहेर पडतो का? हो / नाही." दर पाळीला आलेख बघून ती भर, आणि 'नाही' लिहावं लागलं तर सकाळच्या राउंडची वाट न बघता डॉक्टरांना उठव.

तुझी,
आत्या